परतीचं वजन

मार्च २००३ मध्ये लास व्हेगासला बॉक्सर रॉय जोन्स ज्युनियर वजनाच्या काट्यावर चढला तेव्हा आकडा आला १९३ पौंड. समोरचा जॉन रुईझ २२६ पौंडांचा. १ मार्चच्या रात्री जोन्सने त्याला बारा फेऱ्या हवे तसे खेळवले, गुणांवर हरवले आणि हेवीवेटचा, म्हणजे सगळ्यात वरच्या वजनी गटाचा, पट्टा कमरेला बांधला. मिडलवेटचा (१६० पौंडांच्या गटाचा) माजी जगज्जेता हेवीवेटचा जगज्जेता होण्याची ही १०६ वर्षांतली पहिलीच वेळ होती. आठ महिन्यांनी, ८ नोव्हेंबरला, त्याच शहरात तो पुन्हा आपल्या जुन्या लाइट हेवीवेट गटात अँटोनियो टार्व्हरसमोर उभा होता. त्या गटाची मर्यादा १७५ पौंड. मधल्या काळात १८ पौंड, म्हणजे आठ किलोंहून थोडे जास्त, अंगावरून उतरले होते.

ती लढत तो जिंकला, पण कशीबशी. एका पंचाने बरोबरी दिली, दोघांनी त्याला कौल दिला. ज्याच्या आसपासही कुणी फिरकू शकत नसे तो जोन्स त्या रात्री दोरांना पाठ लावून उभा राहत होता आणि ठोसे हातांवर झेलत होता. मे २००४ मध्ये पुन्हा हेच दोघे. रेफरीच्या सूचना संपल्या आणि टार्व्हरने सगळ्यांसमोर विचारले, ‘आज काही सबब आहे का, रॉय?’ कारण पहिल्या लढतीनंतर जोन्सने वजन उतरवल्याचे कारण पुढे केले होते. दुसऱ्या फेरीत टार्व्हरच्या डाव्या हाताने जोन्सला आडवे केले. सप्टेंबरमध्ये ग्लेन जॉन्सनने नवव्या फेरीत. या दोन पराभवांआधीच्या सगळ्या कारकिर्दीत जोन्सच्या नावावर एकच पराभव होता, तोही १९९७ मध्ये नियमभंगाबद्दल बाद ठरवल्यामुळे.

वयाचा मुद्दा कुणीही काढेल, आणि तो खरा आहे. जोन्स ३५ वर्षांचा झाला होता, आणि त्याचा खेळ प्रतिक्षिप्त क्रियांवर उभा असल्याने वय त्याला इतरांपेक्षा आधी गाठणारच होते. तरीही एका वर्षात माणूस इतका बदलतो, त्याला निव्वळ वय पुरत नाही. वजनी गट चढून पुन्हा उतरण्यात शरीराचे नेमके काय होते, हे त्यासाठी बघावे लागते. मुष्टियुद्धात वजन वाढवण्याबद्दल खूप बोलले जाते. उतरण्याकडे ‘होते तिथे परत यायचे, त्यात काय?’ असे पाहिले जाते. माझ्या मते सगळी गफलत इथेच आहे.

हिशेब करून पाहू. १९३ पौंड म्हणजे ८७.५ किलो. एवढ्या वजनाचा, चांगल्या तयारीतला एखादा बॉक्सर धरा. अंगात १० टक्के चरबी धरली तर ती भरते पावणेनऊ किलो. त्याला १७५ पौंडांवर, म्हणजे ७९.४ किलोंवर यायचे आहे. तिथे पोचताना चरबी ६ टक्क्यांवर आली, तर उरते पावणेपाच किलो. त्याखाली जाणे धोक्याचे. झोप, हार्मोन, रोगप्रतिकारशक्ती सगळेच कोसळते. म्हणजे चरबीने दिले चार किलो. आणखी चार किलो कुठून आणायचे? एक-दोन किलो पाणी आणि आतड्यातला ऐवज. उरलेले स्नायूंतून. दुसरी जागाच नाही.

आता हे स्नायू कुठले जातात, ते निवडता येत नाही. सहा महिने वजने उचलून दंड-छाती भरली, म्हणून उतरताना दंड-छातीच आधी उतरेल असे नसते. पोटाला कमी आणि पळणे जास्त, अशा दिवसांत शरीर मिळेल तिथून तोडते, आणि बॉक्सरच्या अंगात सगळ्यात मोठा साठा मांड्या आणि कुल्ले यांचा. ठोसा जमिनीतून निघतो: मागच्या पायाचा चवडा, गुडघा, कंबर, खांदा, आणि शेवटी मूठ. पाय गेले की हात शाबूत असूनही ठोशात दम राहत नाही. जोन्ससारख्याचे तर आणखी अवघड. त्याने आयुष्यभर हात खाली ठेवले. गार्ड, म्हणजे चेहऱ्यासमोर हातांची आड, नव्हताच; बचाव होता तो मागे झुकून निसटणाऱ्या पायांच्या उसळीत. ती उसळी जरा कमी झाली की ठोसा हनुवटीजवळून जायचा तो हनुवटीवर बसतो.

मानेचेही तेच. ठोसा लागल्यावर डोके किती झटक्यात फिरते यावर मेंदूला बसणारा हिसका ठरतो, आणि तो झटका मानेचे स्नायू काही अंशी रोखून धरतात. वजन उतरवलेल्या बॉक्सरची ‘हनुवटी गेली’ असे म्हणतात, त्यात पाणी तुटल्याचा वाटा किती आणि मान-पाय हलके झाल्याचा किती, हे वेगळे काढता येत नाही. पण ती जाते हे प्रशिक्षकांना माहीत असते, आणि ते आधी सरावातच दिसते. एरवी पचवलेल्या साध्या जॅबने, म्हणजे पुढच्या हाताच्या सरळ ठोशाने, गुडघा लचकतो. ही खूण दिसली की लढत पुढे ढकलावी. दुर्दैवाने तेव्हा तिकिटे विकलेली असतात.

आणखी एक नुकसान, ज्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. तयारीचे आठ-दहा आठवडे हे कौशल्याचे असतात: समोरचा डावखुरा आहे तर पाय कुठे ठेवायचा, त्याचा जॅब कधी परततो, कोपऱ्यातून कसे निघायचे. वजन जास्त असेल तर हेच तास पळण्यात आणि घाम काढण्यात जातात. टार्व्हर डावखुराच होता. आठ किलो उतरवणाऱ्याला त्याच्याशी लढायची तयारी करायला वेळ उरतो किती?

ऑस्कर डे ला होया आणि मॅनी पॅकियाओ यांची ६ डिसेंबर २००८ ची लढत या विषयातला सगळ्यात स्वच्छ धडा आहे. मर्यादा १४७ पौंड. डे ला होया वरून आला, १५४ पौंडांच्या गटातून; त्याआधी तर तो १६० पर्यंत लढला होता. पॅकियाओ खालून आला. त्याच वर्षी मार्चमध्ये तो १३० पौंडांच्या गटात लढला होता. तेव्हा बहुतेक जाणकारांनी थोरल्याच्या बाजूने कौल दिला. काट्यावर डे ला होया १४५, पॅकियाओ १४२. मर्यादेच्याही दोन पौंड खाली जाणे म्हणजे शिस्त, असे कुणाला वाटले असेल. दुसऱ्या दिवशी रिंगमध्ये उतरताना, अनौपचारिक मोजमापात, डे ला होया १४७ आणि पॅकियाओ १४८ च्या वर. थोरला धाकट्यापेक्षा हलका! शरीर पाणी परत घेत नव्हते, अन्न परत घेत नव्हते. आठव्या फेरीनंतर डे ला होया स्टुलावरून उठला नाही, आणि पुन्हा कधी लढलाही नाही.

इथे एक नियम सांगता येतो, जो मी कुठल्याही तरुण बॉक्सरच्या भिंतीवर लावेन. काट्यावरून उतरल्यानंतर वजन किती लवकर परत येते ते बघा. सहज तीन-चार किलो परत आले तर तोडलेले ते पाणी होते. आले नाही, तर तुम्ही स्वतःलाच तोडले आहे.

मग उतरायचेच असेल तर कसे? ७२ किलोंचा बॉक्सर आणि मर्यादा १४७ पौंड, म्हणजे ६६.७ किलो, असे धरू. पाच किलोंहून थोडे जास्त. याला दहा आठवडे हवेत. चार आठवड्यांत होईल असे म्हणणाऱ्या प्रशिक्षकाकडून पळ काढावा. आठवड्याला शरीराच्या वजनाच्या अर्धा टक्का, फार तर एक टक्का. रोजच्या गरजेपेक्षा ४००-५०० कॅलरी कमी, त्याहून जास्त तूट नको. प्रथिने मात्र वाढवायची: किलोमागे २ ग्रॅम, म्हणजे दिवसाला १४० ग्रॅमच्या आसपास, चार-पाच वेळांत वाटून. आपल्याकडे बॉक्सर इथेच चुकतात. वजन उतरवायचे म्हणून अंडी, चिकन, पनीर सगळेच कमी करतात आणि चहा-बिस्किटांवर दिवस काढतात. आठवड्यातून दोनदा जड वजने उचलणेही चालू ठेवायचे. स्नायूला काम दिले तर शरीर तो राखते. पळणे वाढवून वजने बंद केली की शरीर समजते, याची गरज नाही.

काट्याच्या आधी एक आठवडा वजन ६९.५ च्या खाली असायला हवे. म्हणजे उरलेली घट ४ टक्क्यांच्या आत. त्याच्या वर असाल तर पुढे जे काही कराल ते रिंगमध्ये फेडावे लागेल.

शेवटच्या आठवड्यात पहिली गोष्ट सगळ्यात निरुपद्रवी आणि सगळ्यात दुर्लक्षित: चोथा. ज्वारी-बाजरीची भाकरी, उसळी, पालेभाज्या, कोशिंबिरी एरवी उत्तम, पण त्यांचा चोथा आतड्यात पाणी धरून दिवस दिवस राहतो. शेवटचे तीन-चार दिवस पांढरा मऊ भात, अंडी, साल-बी नसलेले थोडे फळ, चोथा दिवसाला १० ग्रॅमच्या आत. अर्धा ते एक किलो असा जातो आणि ताकदीला धक्काही लागत नाही. दुसरी गोष्ट मीठ. लोणचे, पापड, फरसाण, चटण्या बंद. तिसरी कर्बोदके. स्नायूंत आणि यकृतात मिळून सुमारे ५०० ग्रॅम ग्लायकोजेन असते आणि त्यातला प्रत्येक ग्रॅम जवळपास तीन ग्रॅम पाणी धरतो. तीन दिवस भात-पोळी अगदी कमी केली की हा साठा उतरतो आणि दीड-एक किलो जातो. पण ग्लायकोजेन म्हणजेच ठोशांच्या झडीचे इंधन. पुढे २४ तास मिळणार असतील तरच हा मार्ग धरावा. सकाळी काटा आणि दुपारी लढत असेल तर धरू नये.

आणि शेवटी घाम. रबरी सूट, गरम पाण्याचा टब, सॉना, दोरीवरच्या उड्या. एक किलो घाम म्हणजे एक लिटर पाणी, आणि ते आधी जाते रक्तातून. रक्त घट्ट होते, हृदयाच्या एका ठोक्यात कमी रक्त पुढे जाते, म्हणून ठोके वाढतात. वजनाच्या दर एक टक्का घटीमागे मिनिटाला तीन ते पाच. त्वचेकडे रक्त कमी गेले की घाम थांबतो आणि अंग तापते. सॉनामध्ये घाम येणे अचानक बंद झाले, डोके गरगरले, थंडी वाजली, तर ताबडतोब बाहेर. ‘अजून दोनशे ग्रॅमच राहिलेत’ हे वाक्य त्या क्षणी जीवघेणे असते. शेवटच्या किलोच्या वर काहीही घामाने काढायची वेळ आली तर आधीच्या आठवड्यांत चूक झालेली आहे, हे मान्य करावे. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांबद्दल बोलायलाच नको. त्या उत्तेजकविरोधी नियमांनुसार बंदी असलेल्या पदार्थांत मोडतात, आणि पोटॅशियम बिघडवून हृदयाची लय घालवतात.

मेंदूबद्दल डॉक्टर सांगतात ते काळजी वाढवणारे आहे. पाणी तुटलेल्या शरीरात मेंदू आणि त्याभोवतीचा द्रवही त्या तुटीतून सुटत नाहीत. मुष्टियुद्धातले मृत्यू बहुतेक वेळा कवटीच्या आत, मेंदूवरच्या शिरा फाटून होणाऱ्या रक्तस्रावाने होतात. नोव्हेंबर १९८२ मध्ये रे मॅन्चिनीशी लढून दक्षिण कोरियाचा किम डुक-कू गेला. त्याने १३५ पौंडांत बसण्यासाठी फार हाल काढले होते. त्यानंतर पंधरा फेऱ्यांच्या बारा झाल्या आणि काटा आदल्या दिवशी घेण्याची पद्धत रुळत गेली. हेतू चांगला होता: बॉक्सरला पाणी परत घ्यायला वेळ मिळावा. झाले असे की वेळ मिळतोय म्हटल्यावर लोक आणखी जास्त पाणी तोडू लागले. फेब्रुवारी २००० मध्ये आर्तुरो गट्टी १४१ पौंडांच्या काट्यावर बसला आणि दुसऱ्या रात्री रिंगमध्ये अनौपचारिक मोजमापात १६० पौंड भरला. समोरचा जोई गमाश १४५. दुसऱ्या फेरीत गमाश पडला तो मेंदूची इजा घेऊनच. व्यावसायिक मुष्टियुद्धाच्या संघटनांपैकी आयबीएफने जगज्जेतेपदाच्या लढतीत दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा वजन घेऊन मर्यादेपेक्षा १० पौंडांहून जास्त वाढ चालणार नाही असा नियम केला, आणि डब्ल्यूबीसीने ३० दिवस आधी १० टक्क्यांच्या व ७ दिवस आधी ५ टक्क्यांच्या आत असण्याची अट घातली. माझ्या लेखी हे दोन्ही नियम सगळ्या संघटनांनी घ्यावेत.

काट्यावरून उतरल्यावर पहिला घोट कशाचा, यावर पुढचे बरेच ठरते. साधे पाणी ढसाढसा प्यायले तर रक्तातले मीठ विरळ होते आणि मूत्रपिंडे ते पाणी बाहेर टाकतात. ओआरएस घ्यावे; जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणातले एक पाकीट बरोबर एक लिटर पाण्यात. सुरुवातीला अर्धा ते पाऊण लिटर, मग दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर. दोन किलो तुटले असतील तर एकूण तीन लिटर लागतात, कारण काही लघवीवाटे जाणारच. सोबत मऊ भात, केळी, मध, बटाटा. पुढच्या २४ तासांत कर्बोदके किलोमागे ८ ते १० ग्रॅम. काट्यानंतरची बिर्याणी ही नेहमीची चूक. तेलकट जेवण पोटात तासन्‌तास पडून राहते आणि रक्ताला पाणी हवे असते तेव्हा ते पोट अडवते. रक्तातले पाणी काही तासांत भरते, स्नायूंतले ग्लायकोजेन मात्र तासाला पाचेक टक्क्यांनीच. पूर्ण भरायला वीस-बावीस तास.

हौशी मुष्टियुद्धात हे वीस-बावीस तास नसतातच. तिथे लढतीच्या दिवशीच सकाळी काटा, आणि स्पर्धेत जितक्या लढती तितक्या वेळा काटा. आठ-दहा दिवस ना नीट खायचे, ना प्यायचे. त्यात ऑलिंपिकचे गट विरळ. पॅरिसमध्ये पुरुषांना ६३.५ किलोंनंतर थेट ७१ होते. साडेसात किलोंची दरी! ६७ किलोंच्या मुलाने जायचे कुठे? खाली गेला तर पाय जातात, वर गेला तर लांब हातांचे, रुंद खांद्यांचे लोक समोर येतात. व्यावसायिकांत तेवढ्याच भागात १४०, १४७ आणि १५४ असे तीन गट आहेत.

निखत झरीन २०२२ मध्ये ५२ किलोंत जगज्जेती झाली. पॅरिसला गट होता ५० चा. दोन किलो हा आकडा ऐकायला किरकोळ, पण अंगात सुटी चरबी नसलेल्या पन्नास किलोंच्या मुलीला ते चार टक्के. १ ऑगस्ट २०२४ ला चीनच्या वू यूकडून ती हरली. नंतर तिनेच सांगितले की वजनासाठी दोन दिवस तिने धड खाल्ले नव्हते आणि पाणीही टाळले होते. समोरची वू यू चांगली होतीच, तिने पुढे सुवर्ण जिंकले. पण तहानलेल्या शरीराने खेळणाऱ्या मुलीचा कस त्या दिवशी कळणार कसा? मेरी कोमची वाट उलटी. तिचे जगज्जेतेपद ४५, ४६, ४८ किलोंचे, आणि २०१२ मध्ये लंडनला महिलांसाठी सगळ्यात खालचा गट होता ५१. ती चढली, उंच मुलींशी लढली, आणि कांस्य घेऊन आली. तिच्याच बाबतीत २०१८ मध्ये पोलंडला काट्याच्या काही तास आधी दोन किलो जास्त भरले, तेव्हा ती तासभर न थांबता दोरीवरच्या उड्या मारत राहिली, गटात बसली आणि सुवर्णही जिंकली. हा किस्सा आपल्याकडे जिद्दीचा नमुना म्हणून सांगतात. जिद्द आहेच. पण नवख्या मुलींनी तो पाठ म्हणून घेऊ नये. मेरीने ते केले ते जवळपास वीस वर्षांच्या अनुभवावर, आपले शरीर किती देईल हे नेमके ठाऊक असताना.

कुस्तीच्या मातीत वाढलेल्या महाराष्ट्राला वर जाण्याचे मोल नवे नाही. खाशाबा जाधव १९४८ मध्ये लंडनला फ्लायवेटमध्ये सहावे आले, आणि चार वर्षांनी हेलसिंकीला पदक मिळवले ते वरच्या, बँटमवेट गटात.

आता पुन्हा जोन्सकडे. त्याच्या आधीचे १०६ वर्षांपूर्वीचे नाव म्हणजे बॉब फिट्झसिमन्स. १८९७ मध्ये तो हेवीवेटचा विजेता झाला आणि १९०३ मध्ये लाइट हेवीवेटचाही. म्हणजे वर जाऊन खाली येता येते, असा दाखला आहे म्हणावे, तर तो दाखलाच नाही. हेवीवेटचा किताब जिंकताना फिट्झसिमन्स जेमतेम १६७ पौंडांचा होता. त्याने वजन चढवलेच नव्हते, उतरवायचा प्रश्न नव्हता. १९८५ मध्ये मायकेल स्पिंक्स लाइट हेवीवेटमधून वर जाऊन लॅरी होम्सला हरवता झाला. तो पुन्हा १७५ कडे फिरकला नाही. ख्रिस बर्ड, ज्याने हेवीवेटचा पट्टा बाळगला होता, २००८ मध्ये १७५ च्या गटात उतरून बघायला गेला. शॉन जॉर्जने त्याला नवव्या फेरीत थांबवले.

स्पिंक्सला होम्ससाठी आणि जोन्सला रुईझसाठी वजन चढवून देणारा माणूस एकच, न्यू ऑर्लिन्सचा मॅकी शिलस्टोन. त्याने दोघांनाही वेग न घालवता चढवले, हे त्याचे कसब. २००६ मध्ये तो बर्नार्ड हॉपकिन्ससोबत होता. हॉपकिन्स ४१ वर्षांचा, वर्षभर वजनाच्या आसपास राहणारा, दहा वर्षांहून जास्त काळ १६० पौंडांचा विजेता. तो सरळ १७५ वर चढत होता. समोर टार्व्हर, ज्याने जोन्सला सबबीबद्दल विचारले होते. तो मधल्या काळात एका हॉलिवूड चित्रपटात हेवीवेट विजेत्याची भूमिका करायला भरपूर वजन चढवून आला होता आणि आता ते उतरवून १७५ वर परतला होता. १० जूनच्या रात्री अटलांटिक सिटीत टार्व्हरचा जॅब उशिरा निघत होता, पाय जागचे हलत नव्हते, आणि तिन्ही पंचांनी लढत एकतर्फी हॉपकिन्सला दिली.

हॉपकिन्सने पुढे २०११ मध्ये, वयाच्या ४६ व्या वर्षी, माँट्रियलमध्ये जाँ पास्कालकडून १७५ पौंडांचा पट्टा घेतला. १६० च्या काट्यावर तो पुन्हा कधी चढला नाही.